माळ्यावर लपवलेली टिकटिक

घड्याळाने वेळ अचूक दाखवावी, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा असते. या एकाच कसोटीवर पाहायचे तर काही शे रुपयांचे सेलचे घड्याळ लाखो रुपयांच्या चावीच्या घड्याळाला सहज मागे टाकते. साधे सेलचे घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद चुकते. उलट स्वित्झर्लंडमध्ये चाचणीला उतरून प्रमाणपत्र मिळवलेल्या उत्तम यांत्रिक घड्याळालाही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. मग लोक अशा घड्याळासाठी मोटारीइतके पैसे का मोजतात? आणि पन्नास वर्षांपूर्वी मरणपंथाला लागलेली ही कला जगली तरी कशी?

यांत्रिक घड्याळाची करामत तशी साधी आहे. चावी दिली की आतली पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना दंतचक्रे फिरवते आणि एक इवलेसे चाक मागेपुढे झोके घेत त्या वेगाला लगाम घालते. तीच आपल्याला ऐकू येणारी टिकटिक. सेलच्या घड्याळात हे काम क्वार्ट्‌झचा स्फटिक करतो. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. माणसाच्या हाताने घडवलेले कुठले चाक त्याची बरोबरी करणार?

मनगटावरचे पहिले क्वार्ट्‌झ घड्याळ जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आणले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका छोट्या मोटारीएवढी. मात्र पुढच्या काही वर्षांतच अशी घड्याळे झपाट्याने स्वस्त झाली आणि स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगररांगांतली गावेच्या गावे हादरली. १९७० च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार माणसे कामाला होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३० हजारांच्या आसपास उरली. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घरांतली मुले दुसरे काम शोधू लागली.

याच डोंगरांतल्या ल लोक्ल गावात झेनिथ ही जुनी कंपनी आहे. सेकोच्या घड्याळाआधी काही महिने, १९६९ च्या जानेवारीत, तिने ‘एल प्रिमेरो’ नावाचे यंत्र जाहीर केले होते. स्टॉपवॉचची सोय, हाताच्या हालचालीने आपोआप मिळणारी चावी आणि तासाला ३६,००० ठोके. त्यामुळे सेकंदाचा दहावा भागही मोजता येई. पण १९७१ मध्ये कंपनी अमेरिकेतल्या झेनिथ रेडिओ कंपनीच्या ताब्यात गेली. नावातले साम्य निव्वळ योगायोगाचे. नव्या मालकांचे लक्ष क्वार्ट्‌झवर होते. १९७५ मध्ये हुकूम निघाला, की यांत्रिक घड्याळांचे काम बंद आणि त्यासाठीची अवजारे भंगारात.

चार्ल्स व्हर्मो हे तिथल्या एका कार्यशाळेचे प्रमुख. हे यंत्र पुन्हा लागेल असे त्यांनी मालकांना कळवून पाहिले, पण उपयोग झाला नाही. मग त्यांनी नोकरीची पर्वा न करता वेगळाच मार्ग धरला. कारखान्याच्या माळ्यावर ते एकेक साचा, एकेक अवजार नेऊन ठेवू लागले. प्रत्येकाला चिठ्ठी लावली आणि कोणते काम कशानंतर करायचे याची वहीत नोंद केली. आपले कौशल्य आपल्याबरोबर संपू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पुढे १९७८ मध्ये कंपनी पुन्हा स्विस हातांत आली आणि १९८० च्या दशकात वारे फिरले. त्याला दोन निमित्ते झाली. १९८३ मध्ये प्लास्टिकचे, फक्त ५१ भागांचे स्वस्त ‘स्वॉच’ बाजारात आले. ते क्वार्ट्‌झचेच होते, पण त्याच्या खपाने स्विस कारखान्यांची धुगधुगी टिकली. दुसरीकडे ज्याँ-क्लोद बिव्हेर यांनी एका मित्राच्या साथीने ‘ब्लाँपँ’ हे बंद पडलेले जुने नाव सुमारे २२ हजार फ्रँकना विकत घेतले. आम्ही क्वार्ट्‌झ घड्याळ कधी बनवले नाही आणि बनवणारही नाही, अशी जाहिरात त्यांनी केली. जो मागासलेपणा वाटत होता, तोच अभिमानाचा विषय झाला. १९९२ मध्ये हीच कंपनी सुमारे ६ कोटी फ्रँकना विकली गेली.

झेनिथमध्येही माळा उघडला गेला. अवजारे जागेवर होती, वहीही होती. नव्याने साचे करायचे तर प्रचंड खर्च आला असता. तो वाचला आणि एल प्रिमेरो पुन्हा सुरू झाले. १९८८ पासून रोलेक्सने आपल्या ‘डेटोना’ घड्याळात हेच यंत्र थोडेफार बदलून वापरले, ते थेट २००० पर्यंत.

तेव्हापासून घड्याळाचे कामच बदलले. ते वेळ सांगण्यापेक्षा कारागिरी मिरवू लागले. पाठीला काच बसवून आतली चक्रे दाखवण्याची पद्धत पडली. भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जाऊ लागले. २००१ पासून काही नाजूक भागांत सिलिकॉनही आले, कारण त्याला तेल लागत नाही आणि चुंबकाची बाधाही होत नाही. जुनी नावे एकेक करून मोठ्या समूहांकडे गेली. २००० मध्ये स्वित्झर्लंडने जवळजवळ ३ कोटी घड्याळे निर्यात केली, तर २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ६९ लाख. मात्र घड्याळ उद्योगाचे निर्यातीचे उत्पन्न याच काळात सुमारे १ हजार कोटी फ्रँकवरून अडीच हजार कोटींच्या वर गेले. त्यात सिंहाचा वाटा यांत्रिक घड्याळांचा.

यात हरवले ते सामान्य माणसाचे घड्याळ. आपल्याकडे एचएमटीने १९६१ पासून बंगळूरमध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने ते घरोघरी पोहोचवले होते. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्‌झ घड्याळे आली आणि चित्र पालटले. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. आज तिची जुनी ‘जनता’ आणि ‘पायलट’ घड्याळे हौशी मंडळी शोधत फिरतात.

२०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या या कारागिरीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा मान सोन्याहिऱ्यांच्या घड्याळांचा नाही. तो हातातल्या कसबाचा आहे आणि लाखोंच्या घड्याळापुरता मर्यादितही नाही. घरातले जुने चावीचे घड्याळ बंद असेल तर पुष्कळदा आतले तेल सुकलेले असते, एवढेच. ते जोराने चावी देऊन पाहू नये. जाणत्या घड्याळजीकडे साफसफाई आणि ऑइलिंगला द्यावे. मात्र असे घड्याळजी आता गावोगावी कमी होत चालले आहेत, तेव्हा हे काम फार काळ लांबणीवर टाकू नये.