भिंतीची थकबाकी

खानदेशात पाऊस बेताचा. ढगांकडे बघून मान दुखते, थेंब काही पडत नाही. नळाच्या पाण्याचंही काही खरं नसतं. पण सोनगीरच्या आमच्या घरात एक भिंत अशी आहे, की तिला बारा महिने पाणी! पलीकडे न्हाणीघर, अलीकडे आईची खोली. दर दिवाळीला आम्ही या भिंतीला रंग देतो आणि होळीच्या सुमारास ती तो परत करते. बँकेत वीस वर्षं काढली, पण इतकी नियमित परतफेड करणारा कर्जदार मी पाहिला नाही.

आधी पुरीसारखे टम्म फुगे. मग पोपडे. मग पापुद्रे, थेट चहाच्या कपात. रंगाऱ्याला बोलावलं, की तो भिंतीला टिचकी मारून म्हणतो, "काही नाही साहेब, एक हात मारून देऊ."

माझं भांडण या 'एक हाता'शी आहे. रंगाऱ्याशी नाही, तो बिचारा हुकमाचा ताबेदार. भांडण तुमच्या-माझ्याशी आहे, वाचकहो! पाहुणे येणार, मारा रंग. लग्न निघालं, मारा रंग. ओल येते कुठून, हे विचारायला मात्र पंचांगात मुहूर्त नाही. जुनं कर्ज बुडतंय म्हणून त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं आणि जुनं फिटलं असं दाखवायचं, याला आमच्या धंद्यात फार वाईट नाव आहे. हप्ता ९० दिवसांवर थकला, की ते खातं अनुत्पादक. आमची भिंत या हिशेबाने कधीच बुडीत खाती जायला हवी होती. आम्ही दरसाल तिच्यावर नवा डबा उघडतो. मी बी.कॉम. असूनही!

माझे डोळे उघडले ते कल्हईने. सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. एका म्हाताऱ्या कारागिराकडे पातेलं नेलं आणि म्हटलं, "मामा, वरच्यावर हात फिरवा, घाई आहे." मी काउंटरवर खोटी नोट सरकवावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "भाऊ, पहिले घासनं पडस, मंग कल्हई बसस." आधी खरवडायचं, तापवायचं, नवसागर टाकायचा, मग कथील. मळावर कथील धरत नाही. जे शहाणपण पातेल्याला, ते भिंतीला का नाही?

भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार फुलतात. हाच तो लोणा. चुन्याचा हात असे तेव्हा भिंत श्वास तरी घेई. ऑइल पेंट म्हणजे ओलेत्या माणसाला घातलेला रेनकोट! आतली ओल बाहेर पडू बघते, रंग वाट देत नाही आणि फुगतो.

एक फुगा फोडून पाहा. मागे गिलावा दिसला तर बहुधा दोष ओलीचा. जुनाच रंग दिसला, तर न घासता धुळीवर केलेल्या कामाचा. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव धरलं, तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या अंगाला धरलं, तर खोली कोंदट आहे. मग आधी गळती काढा: नळाचे जोड, फरशीचे सांधे, गच्चीचा उतार. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो पुन्हा आत शिरतो. सैल गिलावा पाडून नवा करा आणि त्याला महिनाभर तरी सुकू द्या. त्यानंतर प्रायमर, लांबी आणि सर्वांत शेवटी रंग. जुना रंग मात्र कोरडा घासू नका. घरगुती रंगात दर दहा लाख भागांत शिसं ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची हमी कोण देणार? ओला करून घासा, नाकातोंडाला फडकं नको, चांगला मास्क लावा, पोरांना बाहेर काढा.

आम्ही यातलं काहीच केलं नाही. गेल्या वर्षी नामी युक्ती काढली: भिंतीपुढे कपाट! पाहुण्यांना पोपडे दिसेनात, आम्ही खूश. आईचा खोकला मात्र वाढला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मी ताठ मानेने म्हणालो, "छे, नुकताच रंग दिलाय!"

घरी येऊन कपाट सरकवलं. मागे कमरेइतकी काळी बुरशी. दम लागणाऱ्या माणसाच्या उशाशी आम्ही ती वर्षभर जपली होती. आई म्हणाली, "मला वास यायचा रे. पण तुम्ही एवढा खर्च केलेला, म्हटलं कशाला बोला."

यंदा दिवाळीत आई पुढच्या खोलीत झोपली. न्हाणीघराची फरशी उखडलेली, भिंत विटांपर्यंत उघडी. पाहुण्यांनी चकली खाता खाता विचारलं, "रंगाचं राहिलं वाटतं यंदा?"

"हो," मी म्हटलं, "सध्या वसुली चालू आहे."