झडतीचा मक्ता नको

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. तो चालविणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के आहे. धावपट्टीपासून दुकानांपर्यंत सारा कारभार खासगी भांडवलाच्या हाती गेला; प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची झडती मात्र केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान घेतात. एवढेच काम सरकारी कशासाठी, असा प्रश्न आज ना उद्या विचारला जाईल. कार्यकर्त्यांजवळ त्याचे उत्तर तयार हवे.

१९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर आपल्याकडे विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून या केंद्रीय दलाकडे जाऊ लागली. अमेरिकेत मात्र २००१ पर्यंत विमान कंपन्या झडतीचे काम कंत्राटदारांकडून करवून घेत. ठेका कमी बोलीला मिळे, आणि बोली कमी ठेवण्याचा हुकमी उपाय म्हणजे मजुरी कापणे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००० साली १९ मोठ्या विमानतळांचा हिशेब मांडला, तेव्हा या नोकरांची वार्षिक गळती सरासरी १२६ टक्के निघाली. काम अंगवळणी पडण्यापूर्वीच माणूस ते सोडून जाई. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा दोष या गरीब नोकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण चार इंचांहून लहान पाते नेण्यास त्या वेळी नियमानेच मुभा होती. परंतु भांडवलशाहीच्या त्या माहेरघरानेही तीन महिन्यांच्या आत कायदा करून हे काम सरकारकडे घेतले, हे विसरता येणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत आजही खासगी कंपनी झडती घेते, हा दाखला पुढे केला जाईल. पण तेथे कंत्राटदाराने सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा कमी वेतन देता कामा नये, असे कायद्याचे बंधन आहे. उलट, सरकारी शिक्का म्हणजे न्याय असेही नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले, तेव्हा तेथील सरकारी तपासनीस पगाराविना उभे होते. मालक कोण, याबरोबरच राबणाऱ्याला स्थैर्य आणि हक्क आहेत काय, हेही विचारले पाहिजे.

आपल्याकडे मक्ता मागल्या दाराने येत आहे. विमानतळांवरील केंद्रीय दलाची तीन हजारांवर पदे कमी करून, रांगा सांभाळणे, दारांवर लक्ष ठेवणे अशी ‘दुय्यम’ कामे १,९२४ खासगी रक्षकांकडे सोपविण्याची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. आज दार, उद्या झडती!

या रक्षकांना वाऱ्यावर सोडण्याचे कारण नाही. माथाडी कायदा १९६९ चा. त्याच्याच धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, वेतन मंडळामार्फत, ही त्याची रीत. मंडळाचे मोल वाशीच्या बाजारातील माथाडीला सांगावे लागत नाही. मात्र याच कायद्यातील सूट देण्याच्या तरतुदीतून एजन्सीवाले निसटतात.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : झडतीचे काम कोणत्याही नावाने मक्त्याने देऊ नये, विमानतळावरील इतर रक्षक मंडळाकडूनच घ्यावेत, त्यात सूट नसावी, आणि ज्यांच्या जमिनींवर ही धावपट्टी उभी आहे त्या दहा गावांच्या मुलामुलींना प्रथम हक्क मिळावा. सुरक्षेचा लिलाव झाला, तर त्यात पहिला बळी रक्षकाच्या भाकरीचा जातो आणि दुसरा प्रवाशाच्या जिवाचा.