पाठ केलेलं वाक्य आणि अर्धी जुडी मेथी



जानेवारीत आमच्या शाळेत बाल आनंद मेळावा झाला. चौथीच्या मुलांनी भाजीची दुकानं मांडली. आदल्या दिवशी मी सगळ्यांकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं : "या काका, ताजी भाजी घ्या, स्वस्त आणि मस्त!"

एक आजी मेथीजवळ थांबल्या. मुलानं त्यांनाही "या काका" म्हणून वाक्य पूर्ण केलं. आजी हसल्या. म्हणाल्या, "अरे, घरात मी एकटीच. एवढी जुडी काय करू?" पोरगा गप्प. माझ्याकडे बघायला लागला. पाठ केलेल्यात याचं उत्तरच नव्हतं! तेवढ्यात शेजारच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "अर्धी आजींना दे पाच रुपयांना, उरलेली अर्धी बाई घेतील."

आजी खूश, पोरगा खूश आणि अर्धी मेथी माझ्या पिशवीत.

ही तीच मुलगी, जिला "मधे बोलू नकोस" असं मी रोज सांगते.

मार्केटिंग, मार्केटिंग म्हणतात ते शेवटी काय असतं? समोरच्याचं ऐकणं, त्याची अडचण ओळखणं आणि हाताशी आहे त्यातून वाट काढणं. ऑफिसातही तेच. ठरलेला मजकूर आता संगणकसुद्धा लिहून देतो. पण आजी घरात एकटी आहे, हे ऐकून थांबणारं माणूसच लागतं.

गंमत म्हणजे मोठ्यांना हे शिकवणारे खेळ मुलांसाठीच तयार झाले होते. १९३०च्या दशकाच्या शेवटी शिकागोत व्हायोला स्पोलिन या बाईंनी परदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी नाट्यखेळ घेतले. वेगवेगळ्या भाषांची मुलं खेळातून एकमेकांशी बोलती झाली. १९६३ मध्ये त्यांचं या खेळांवरचं पुस्तक आलं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ साली 'सेकंड सिटी' ही नाट्यसंस्था सुरू करणाऱ्यांपैकी एक. आज ती संस्था कंपन्यांतल्या लोकांनाही प्रशिक्षण देते. म्हणजे जे लहानपणी फुकट खेळता आलं असतं, ते मोठेपणी पैसे भरून शिकायचं!

उत्स्फूर्तपणा म्हणजे वेळ मारून नेणं नव्हे. तमाशातला सोंगाड्या आयत्या वेळी कोटी करतो, पण वगाची गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. आमच्या मुलीलाही दहाचे निम्मे पाच हे येत होतं, म्हणून तर सुचलं. आणि शिळी भाजी ताजी म्हणून खपवणं हे कौशल्य नाही, ती लबाडी आहे. हाही फरक मुलांना सांगायला हवा.

"बाई, अभ्यासक्रम कधी संपवायचा?" असं तुम्ही म्हणाल. मान्य आहे. पण दिवसाला दहा मिनिटं तर निघतील? दोन खेळ सांगते :

१) आरसा : दोघं समोरासमोर. एकानं हालचाल करायची, दुसऱ्यानं आरशासारखी तश्शीच. बघायची सवय लागते.

२) 'हो, आणि...' : एकानं गोष्टीचं एक वाक्य सांगायचं, पुढच्यानं "हो, आणि" म्हणून वाढवायचं. "नाही, पण" म्हणायचं नाही. ऐकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

पालकांनाही एक विनंती. भाजी आणायला मुलांना सोबत न्या. भाव त्यांना विचारू द्या, चुकू द्या. आपण लगेच मधे पडू नका.

जीवनकौशल्यांची यादी आपण वर्गाच्या भिंतीवर लावतो आणि खाली मुलांना गप्प बसवतो. यात मीही आले. पुढच्या मेळाव्यात मी मुलांना भाव आणि वजनं पक्की करून देणार आहे. वाक्यं मात्र त्यांची त्यांनी शोधायची.

तुमच्या वर्गात 'मधे बोलणारं' मूल कोण आहे? उद्या एकदा त्याचं पूर्ण ऐकून बघा.