सुपरमॅन आतून काय घालतो?

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीनंतर आमच्या तिसरीच्या वर्गात एकच हशा पिकला. एका चिरंजीवांनी हात वर करून विचारलं, "बाई, सुपरमॅन चड्डी बाहेरून घालतो, मग आतून काय घालतो?" हसलात ना? मलाही हसू आलं. पण विचारणाऱ्याचा दुसरा हात प्लॅस्टरमध्ये होता! गळ्याला टॉवेल बांधून स्वारीनं जिन्याच्या सहाव्या पायरीवरून 'उड्डाण' केलं होतं. म्हटलं, याला नीट उत्तर द्यायलाच हवं.

आधी बाहेरच्या चड्डीचं उरकून टाकू. सुपरमॅन अवतरला अमेरिकेत, १९३८ साली, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. गोष्ट जेरी सीगलची, चित्रं ज्यो शुस्टरची. त्या काळी सर्कशीतले पहिलवान घट्ट विजारीवर अशीच चड्डी चढवत, तीच तऱ्हा शुस्टरनं उचलली. २०११ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी ती काढून टाकली, पण २०१८ मध्ये स्वारी पुन्हा चड्डीत!

आता आतलं. कॉमिक्समध्ये तर हा पोशाखच आत असतो, क्लार्क केंट नावाच्या साध्यासुध्या वार्ताहराच्या शर्टाखाली. पण पडद्यावर जो माणूस सुपरमॅन होतो, त्याच्या पोशाखाखाली काय असतं?

१९५० च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवर जॉर्ज रीव्ह्ज हा नट सुपरमॅन व्हायचा. त्याच्या पोशाखात फोम भरलेला असे. म्हणजे ते भरदार खांदे थोडेफार उशीचेच! सुरुवातीला त्याला तारांनी टांगून उडवत. एकदा तार तुटली आणि सुपरमॅन धपकन खाली. मग तारांचा नाद सोडला. तो स्प्रिंगबोर्डवरून उडी मारी, आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी गादी अंथरलेली असे.

१९७८ च्या चित्रपटातल्या क्रिस्टोफर रीव्हनं मात्र खोटे स्नायू नकोत म्हणून सांगितलं आणि व्यायामशाळेत घाम गाळून अंग कमावलं. (आमच्या वर्गातल्या दूध न पिणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) पण उडायचं म्हटल्यावर त्यालाही पोशाखाखाली पट्ट्यांचा साज चढवावा लागे, घोड्याला घालतात तसा. त्याला हार्नेस म्हणतात. त्याला बारीक तारा जोडायच्या आणि वरून क्रेननं उचलायचं. काही दृश्यांत तर तो एका लपवलेल्या दांड्याच्या आधारानं आडवा असायचा आणि मागच्या पडद्यावर ढग पळायचे. स्टेशनात उभ्या गाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी सुटली, की आपलीच सुटली असं वाटतं ना? तस्संच. आता तर दिसणाऱ्या तारा कॉम्प्युटरवर पुसूनही टाकतात.

आई-बाबांनो, हे सगळं सांगताना मी एकदाही 'उडी मारू नका' म्हटलं नाही. ते घरी भरपूर ऐकवून झालं होतं, असं चिरंजीवांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं.

त्याच्या प्लॅस्टरवर कुणी तरी लाल स्केचपेननं सुपरमॅनचं चित्र काढलं होतं. बराच वेळ तो त्याच्याकडे बघत बसला. मग शेजारणीकडून पेन्सिल मागून घेतली आणि चित्राच्या कमरेपासून वर, पार कोपरापर्यंत, दोन सरळ रेघा ओढल्या.