कातळाची उलटतपासणी

खडकातल्या चुंबकत्वावरून भूखंडांचा प्रवास सांगणे म्हणजे हवेत इमले बांधणे, असे मानणारा पक्ष भूशास्त्रात बराच काळ प्रबळ होता. त्याचे आक्षेप पोरकट नव्हते. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्या मातब्बर भूभौतिकज्ञाचा. चुंबक नीट हाताळला नाही तरी त्याचा गुण बदलतो. मग हातोडीने फोडून काढलेल्या दगडावर भरवसा कसा ठेवायचा? त्यात विजा कोसळतात, हवापाण्याने लोहखनिजे गंजतात. हे सगळे खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. लाव्हा निवताना त्यातले मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले (टायटेनियम मिसळलेले असल्यास त्याहून कमी तापमानाला), की त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते. नंतर चढलेले चुंबकत्व बहुधा कच्चे असते. क्षेत्रविरहित भट्टीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवला, की ते आधी उतरते आणि मूळची दिशा उरते. शिवाय १९४९ मध्ये ग्रॅहम यांनी वळ्यांची कसोटी दिली. वळ्या पडलेले थर गणिताने पुन्हा आडवे केल्यावर विखुरलेल्या दिशा एकवटल्या, तर ते चुंबकत्व वळ्यांच्या आधीचे. हातोडीचा घाव अशी शिस्त पाळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार. काही लाव्हांची दिशा आजच्या उलट सापडते, म्हणून पृथ्वीचे ध्रुव उलटले असे का मानावे? खडक स्वतःच उलटला असेल! जपानच्या हारुना ज्वालामुखीचा डेसाइट निवताना खरोखरच उलटा चुंबकित होतो, हे नागाता आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. अपवाद मान्य. परंतु ब्रून यांनी १९०६ मध्येच फ्रान्समधल्या उलट्या लाव्हाखाली भाजून निघालेली माती तपासली होती. तीही उलटीच निघाली. निराळ्या घडणीच्या दोन पदार्थांनी एकाच वेळी एकच लबाडी करावी, हे पटत नाही. पुढे १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची मोजणी हाती घेऊन सागरतळावरच्या सरळ-उलट पट्ट्यांचा अर्थ लावला. रांगेच्या माथ्यावर नवे कवच घडते, त्या काळचे क्षेत्र टिपते आणि दोन्हीकडे सरकत जाते.

आता मंडन. चुंबकसुई महाराष्ट्रात आज उत्तरेकडे तोंड करून खाली झुकते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मात्र सरळ ध्रुवतेच्या थरांतली दिशा वायव्येकडे आणि वर झुकलेली असते. हा दक्षिण गोलार्धाचा शिक्का. झुकावाच्या कोनावरून अक्षांश काढला, तर तो सुमारे ३० अंश दक्षिण येतो. सह्याद्रीच्या थरांचा मोठा भाग उलट ध्रुवतेच्या एकाच कालखंडातला, आणि तो कालखंड दहा लाख वर्षांहूनही छोटा. म्हणूनच १९८६ मध्ये कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी हा प्रचंड उद्रेक भूशास्त्रीय मापाने झटपट उरकला, असे ठामपणे मांडले.

हा पुरावा रेखांश सांगत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. पण जेवढे सांगतो ते कसोट्यांतून पार पडलेले आहे. ज्याला ते अमान्य आहे, त्याने दगड बिघडू शकतो एवढे म्हणून भागणार नाही. घाटाघाटांतले इतके दगड एकाच दिशेने आणि एकाच कोनात कसे बिघडले, ते त्याने सांगावे.