गाडीची किल्ली अडून बसली तर

सकाळची घाई, मुलांच्या शाळेची वेळ, आणि गाडीची किल्ली फिरायचं नावच घेत नाही! अशा वेळी आपण काय करतो? जोर लावतो. मैत्रिणींनो, नेमकं तेवढंच करू नका. किल्ली आत तुटली, की दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

आधी स्टिअरिंग पाहा. गाडी बंद असताना ते चोरांच्या भीतीनं आपोआप जखडलं जातं आणि त्याचा ताण कुलपावर येतो. ज्या बाजूला ते जरासं सरकतं, तिकडे एका हातानं हलकेच ओढून धरा आणि दुसऱ्या हातानं किल्ली फिरवा. पुष्कळदा दुखणं एवढंच असतं.

तरी अडतेच? मग कपाटातली दुसरी किल्ली आणा. ती सहज फिरली, तर कुलूप ठणठणीत आहे, रोजच्या किल्लीचे दाते झिजलेत. नवी करून घेताना नमुना म्हणून ही कपाटातलीच द्या हं! झिजलेल्या किल्लीवरून झिजलेलीच निघणार.

दोन्ही अडत असतील, तर आत धूळ साठली असेल. अशा वेळी खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल मुळीच घालू नये. आज किल्ली लोण्यासारखी फिरेल, पण पुढं त्या तेलात धूळ बसून आतल्या बारीक पट्ट्या चिकटतील. त्याऐवजी मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दातांवर दोन्ही अंगांनी भरपूर घासा आणि किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. ग्राफाइटची पूड मिळाली तर उत्तमच.

मात्र इंजिन चालू असताना किल्ली हातात निघून येत असेल, किंवा धक्क्यानं मागे फिरत असेल, तर घरगुती उपाय पुरे. सरळ गॅरेज गाठा. स्टिअरिंगखालचं झाकणही स्वतः खोलू नका, तिथं एअरबॅगच्या तारा असतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांचा स्विच इतका ढिला होता, की किल्लीला लटकणाऱ्या वजनानं किंवा खड्ड्यातल्या हिसक्यानं चालती गाडी बंद पडायची आणि एअरबॅगही उघडत नसे. २०१४ साली अशा सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले.

तेव्हा कपाटाच्या, कोठीच्या चाव्या आणि तो पितळी गणपती आजच त्या जुडग्यातून सोडवा. गाडीची किल्ली एकटीच राहू द्या, बाकीचं पर्समध्ये.