एका नंबराची जोडी



परवा नातवाने पुस्तकातले जुने लुगर पिस्तूल दाखवले. "आजी, प्रत्येक भागावर तेच आकडे का गं?"

जर्मन सैन्याने हे पिस्तूल १९०८ साली घेतले. त्याचे भाग कारागीर हाताने जुळवीत. असे भाग जुळवायची रीत सोपी: काजळी लावून भाग बसवायचा, जिथली काजळी पुसली तिथे तो अडतो. तेवढेच कानशीने हलके घासायचे, पुन्हा बसवून बघायचे. जास्त घासलं की गेलेला धातू परत येत नाही. म्हणून जुळलेल्या भागांवर पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकत.

आमच्या नर्सिंगच्या दिवसांत काचेच्या सिरिंजा अशाच असत. नळी आणि दट्ट्या जोडीने घासलेले, दोहोंवर एकच नंबर. एकदा उकळून काढल्यावर घाईत आम्ही जोड्या चुकवल्या. पेनिसिलिन मागून गळाले. आजारी पोराला पुन्हा टोचावे लागले. त्याचे रडणे अजून कानात आहे.

आता सिरिंज एकदा वापरून टाकतात. तरी बाळांनो, सुटे केलेले काहीही जोडताना आधी नंबर बघा. बसत नसेल तर जोर करू नका!